उन्हाचे दहा रुपये

सीप्झहून निघाले तेव्हा सहा-दहा.
आता पावणेआठ,
आणि बस अजून आयआयटीच्या भिंतीला
गाल लावून उभी.
कंडक्टर भोईर सुट्या पैशांची पिशवी
तिसऱ्यांदा मोजतोय.
पुढच्या बाकावरच्या बाईंची मेथी
सोसायटीच्या मीटिंगसारखी मान टाकून बसलेली.
फोन मेला. घरी कळवायचं राहिलं.

उतरले. चालू लागले.
चप्पल उजवीकडे झिजलीय,
म्हणून मी जरा डावीकडे चालते, असं मुलगा म्हणतो.

दुभाजकावर ओळीनं खांब,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक काळी पाटी,
पाटीवर मेट्रोच्या कामाची धूळ, कावळ्यांचा हिशेब,
आणि खाली पिवळा दिवा
उघडझाप, उघडझाप,
जागरण झालेल्या माणसाच्या पापणीसारखा.

माझे वडील मीटर वाचायचे.
ठाकूरद्वार ते चिराबाजार, जिने चढून,
बॅटरी दातांत धरून.
युनिट त्यांना वासावरून कळायचे, असं आई म्हणे.
ते आज इथे असते तर विचारलं असतं:
बाबा, दिवसभर या रस्त्यावर केवढं ऊन सांडतं,
बॉनेटवर, डांबरावर, हेल्मेटांवर,
त्याचं वाचन कोण घेतं?
त्याचं बिल कुणाच्या नावावर निघतं?

गांधीनगरच्या अलीकडे
सगीर अंडेवाल्याची गाडी.
खांबाच्या पाटीतून एक तांबडी वायर
झाडाच्या मुळासारखी गुपचूप उतरलेली,
तिच्या टोकाला एक बल्ब, एक फोनची पिन.
मी पाहिलं. त्यानं पाहिलं, मी पाहिलं ते.
“लावा ताई,” तो म्हणाला, “सगळ्यांचंच आहे.”

वडिलांनी पेन काढलं असतं.
मी फोन काढला.

वीस मिनिटं अंड्यांच्या वाफेजवळ उभी राहिले.
मीठ-तिखट लावून एक खाल्लं.
दोन टक्के, पाच, नऊ.
आणि माझ्या डोळ्यांदेखत वरचा पिवळा दिवा
एक झाप चुकला.
अगदी एकच. कुणी ब्रेक दाबला नाही.
पण मला उगाच वाटलं,
एखाद्या ट्रकवाल्याच्या वाटचं काहीतरी
मी पर्समध्ये टाकलंय.

घरी फोन लावला. “भात लावा. येतेय.”
सगीरनं अंड्याचे घेतले, वर दहा रुपये घेतले.
सगळ्यांचं असूनही.
बरं वाटलं, खरं सांगते.
फुकटच्या उन्हाला मी घाबरले असते.

मग कन्नमवारनगरपर्यंत
नऊ टक्के हातात धरून चालले.
हे आजचंच ऊन असणार, दुपारचं,
साडेबाराचं वगैरे.
साडेबाराला मी तळघरातल्या स्टोअरमध्ये
ट्यूबलाइटखाली
गॅस्केटच्या नोंदी करत होते.
बाहेर ऊन पडलं होतं
हे मला रात्री साडेआठला कळलं,
तेही एका वायरकडून.

बंद घर लागलं की वडील
रीडिंगच्या रकान्यात दोनच शब्द लिहायचे.
अक्षर मोठं सुंदर होतं त्यांचं.
दार बंद.

तिसऱ्या मजल्यावर मुलानं दार उघडलं.
चार्जर पुढे केला.
म्हटलं, राहू दे. आहे अजून थोडं.