भांगाची रात्र

तांडेल म्हणाला, शॉट अष्टमीला घ्या, मॅडम.
उधाणाला समुद्र आवाराच्या भिंतीला धडका देतो,
टेबल हवेवर तरंगतं असलं तरी
तिसरा आरसा अंगात आल्यासारखा करतो.
मी हसले. मग सहा महिन्यांच्या नोंदी
पंचांगाशी ताडून पाहिल्या.
आता आम्ही अष्टमीला घेतो.

कुलाब्याच्या टोकाला, तळघरात,
जिथे खारी हवा पितळी स्क्रूंनाही सोडत नाही,
लेसरचे दोन झोत समोरासमोर आणायचे.
झोत म्हणते खरी; एकेक ठिणगी
केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लांब.
मध्ये पोकळी. पंपांना जमेल तितकं काहीच नाही.

आणि विचारायचं:
उजेडाला उजेड लागतो का?
ठेच लागते तसा.
की नात्यात कुणी लागतं, तसा?

तांडेलला हा प्रश्नच पटत नाही.
रात्री दोन होड्यांच्या बत्त्या
एकमेकींतून आरपार जातात, तो सांगतो,
जाळी गुंततात, उजेड नाही गुंतत.
गुंतला असता तर
बंदरावर कुणाचं तोंड कुणाला दिसलं असतं?

बरोबर आहे त्याचं.
जवळजवळ.

गणित म्हणतं, झोत पुरेसे प्रखर असले
तर पोकळीच जराशी वाकते,
आणि अब्जावधींतला एखादा कण
वाट सोडून बाजूला होतो.
म्हणून जिथे काहीच यायला नको
तिथे डिटेक्टर लावून बसायचं.

शून्य. शून्य. चहा. शून्य.
तांडेलच्या डब्यातले सुके बोंबील, दाराबाहेर.
शून्य.

तीन वाजून बारा मिनिटांनी: एक.

दोघंही हललो नाही.
मग त्याने बंदच असलेला मोबाइल पुन्हा बंद केला.
मी दाब पाहिला, दाराची फट पाहिली,
आरशावरची धूळ, केबल, पुन्हा दाब.

वहीत लिहिलं: एक. बहुधा उरलेली हवा.
"बहुधा" खोडलं. पुन्हा लिहिलं.

"एकच?" तांडेल.
"एकच."
"मग कोण कुणाचा लागतो, ते राहिलंच."
"राहिलं. पुढच्या अष्टमीला."

पहाटे स्कूटर काढली.
फाटकाबाहेरच्या वळणावर
समोरून बर्फाचा टेम्पो आला.
त्याचा उजेड माझ्या उजेडातून
काही न बोलता निघून गेला,
आणि मी, उगाचच,
डिपर दिला.