कात्री

शेफील्डच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
मी चित्र पुढे करते : हे काय?
रसेल स्टॅनिफोर्थ, वय त्रेपन्न,
चित्राकडे बघत राहतात.
शब्द येत नाही.
अंगठा आणि दोन बोटं मात्र
हवेत उघडतात, मिटतात, उघडतात.
सतराव्या वर्षापासून कात्र्या जुळवल्या या हातांनी.
स्क्रू आवळून कानाशी धरायचे,
पात्यांची कुजबुज ऐकूनच पास करायचे.

त्यांच्या वडिलांचंही असंच झालं. आत्याचंही.

खाली प्रयोगशाळेत मी ज्या प्रथिनापाशी बसते
ते पेशीच्या भिंतीत ओवलेलं असतं,
थोडं आत, बरंचसं बाहेर.
त्यालाही कात्र्या लागतात,
तुमच्या-माझ्या डोक्यात, रोज.
ते मुळात असतं कशासाठी
हे अजून आम्हाला धड सांगता येत नाही.
स्टॅनिफोर्थांच्या घराण्यात त्याचं एकच अक्षर बदललंय :
ध चा मा.
मग काप जरासा सरकतो,
तुकडा दोन मण्यांनी लांब निघतो,
चिकट,
आपल्यासारख्यांना धरून बसणारा.

मुलगी, बेथनी, कॉरिडॉरमध्ये कोट न काढताच उभी.
तिचा रिपोर्ट माझ्या खणात, सीलबंद, मार्चपासून.
मी मागेन तेव्हाच द्या, म्हणाली होती.
आज तिने एवढंच विचारलं :
लिफाफा उघडायला
तुमच्याकडे कात्री असते ना?

असते, म्हटलं.

ती मान हलवून
वडिलांच्या कोटाची बटणं लावू लागली,
खालून वर.
एक चुकलं. पुन्हा सगळी काढली.