अक्षराला पाऊण दिरहम

अजमानच्या इंडस्ट्रियल भागात
टायरवाला आणि हंझाची चहाची टपरी
यांच्या मधे माझं दुकान, आठ फुटांचं.
मी ट्रॉफ्यांवर वाक्यं कोरतो.

जिद्द, झेप, शिखर, नेतृत्व,
सगळा माल इंग्रजीत नाहीतर अरबीत येतो.
मशीन कोरतं, मी भुकटी फुंकतो.
दिवसभर इतकं यश फुंकतो
की रात्री भुवया पांढऱ्या झालेल्या असतात.

मार्चमध्ये एक कंपनी बुडाली.
साठ ट्रॉफ्या तयार, पैसे अर्धे, फोन बंद.
साठांवर एकच वाक्य:
आकाशालाही मर्यादा मानू नका.
मी ती घासून गुळगुळीत केली.
नवं गिऱ्हाईक आलं की त्यावरच नवं कोरतो.
कुणाला कळत नाही.
उन्हात तिरकी धरली तरच
खालचं आकाश जरासं दिसतं.

ऑगस्टातल्या दुपारी, एसी धापा टाकत असताना
याकूब सारंग आले. हर्णैचे.
माझं मराठी कॅलेंडर बघून आत शिरले.
परवाचं विमान, कायमचं.
म्हणाले, कंपनीने केक कापला,
हातात काही दिलं नाही.
तर म्हटलं, आपणच घ्यावं एक.

काय कोरू?
त्यांनी टोपी काढली, परत घातली.
मग एका दमात म्हणाले:
एकतीस वर्षं क्रेन चालवली,
माझ्या हातून एकही ओझं सुटलं नाही.

आपल्या लिपीचं मशीन नाही, हाताने कोरावं लागेल.
अक्षराला पाऊण दिरहम.
काना-मात्रा धरता काय?
नाही हो, वेलांट्यासुद्धा फुकट.
जोडाक्षर?
एकच धरतो.

बोटांची पेरं मोजत बसले.
सत्तावीस. सव्वावीस दिरहम.
जास्त होतात, म्हणाले,
क्रेन चालवली काढा, घरी माहीत आहे.
मग माझ्या हातून काढलं.
मग एकही.
खाली नाव?
नाव कशाला, मला पाठ आहे.

उरलं ते असं:
एकतीस वर्षं. ओझं सुटलं नाही.

मी वाचून दाखवलं.
ते म्हणाले, हां, तेच.
मग थोडं थांबून, दाराकडे बघत,
तेच.

तेरा अक्षरं. पावणेदहा.
ट्रॉफीचे पैसे घेतले नाहीत,
म्हटलं, डागी माल आहे. खोटं नव्हतं.
त्यांनी दहाची नोट दिली
आणि पाव दिरहमच्या नाण्यासाठी
हात पुढे धरून उभे राहिले.

त्या आठवड्यात शलाकाचा फोन.
फळ्यावर सुविचार लिहायची पाळी तिची,
बाबा, सांगा ना एक, तुमच्याकडे ढीग असतात.
मी दुकानभर नजर फिरवली.
कपाटात शिखरंच शिखरं.
एकही माझ्या तोंडात बसेना.
शेवटी सारंगांचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाली,
बाई विचारत होत्या, ओझं कुणाचं?
आणि हा सुविचार नाही, ही तर माहिती आहे.
आणि खाली थोर माणसाचं नाव लागतं.

मग?
मग मी लिहिलं, याकूब सारंग.
बाई म्हणाल्या, कोण हे?
मी म्हटलं, बाबांचं गिऱ्हाईक.

पुसलं का?
नाही. तास सुरू झाला.
त्याच्या खालीच गणितं घातली.