भांगापासून हनुवटीपर्यंत

सोनगडहून मंडळात फोन:
"अहो, मुलीचा नुसता भांग दिसतोय.
बाकीची मुलगी कुठंय?"

शिर्केकाकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.
बडोदं, दांडिया बाजार, दुसरा मजला;
खाली सेव-उसळीची गाडी, वर आमचं वधूवर सूचक मंडळ,
सहाशे बारा स्थळं,
आणि एकेका स्थळाचा फोटो पाच-पाच, सहा-सहा एमबी.
कुणी स्टुडिओत, कुणी कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापाशी,
एक जण तर फ्रिजवर हात ठेवून.

मी म्हटलं, काका, स्थळं हलकी करावी लागतील.
काका दचकले.
"हलकं हा शब्द इथं नको गं. लोक भांडायला येतात."

मग त्यांना शेजारी बसवून दाखवलं:
चेहऱ्याचे बारके चौकोन पडतात, आठ बाय आठ.
शेजारच्या ठिपक्यांत फारसा फरक नसेल
तर यंत्र म्हणतं, सारखेच धरू.
डोळा उजेडाला जागतो, रंगाला तितका नाही,
म्हणून आधी रंगात काटछाट.
बघणाऱ्याला कळणार नाही तेवढंच काढायचं.
काका म्हणाले,
"हे तर आम्ही तीस वर्षं बायोडेटात करतोय."

साठवर आणलं तेव्हा
तनुजा घोरपडेच्या गालावरचा तीळ गेला.
बहात्तरला परत आला.
एका तिळाचे अकरा केबी जास्त.
मी दिले.
प्रणीत सुर्वेच्या भुवईवरची खोक
त्याच्या आईनं आधीच पुसून पाठवलेली,
तिथं मला काढायला काही उरलं नव्हतं.
एका पैठणीचे काठ मात्र फुटले, पायऱ्या-पायऱ्यांसारखे दिसायला लागले.
पुन्हा केले. पुन्हा फुटले.
जेवायची सुट्टी त्या काठांत गेली.

चारशे सत्तर नंबरवर मी.
नऊ वर्षांपूर्वीची, मागे भावाची स्कूटर.
सव्वासहा एमबी, मंडळातली सगळ्यात जड.
काकांनी ते स्थळ कधी काढलं नाही,
मीही कधी म्हटलं नाही काढा.

बसून हिशोब करत राहिले.
सोनगड, व्यारा, नवापूर, कुठं कुठं
कुणाच्या तरी फोनवर माझा भांग उतरला असेल,
मग थोडं कपाळ,
आणि कपाळाशीच कंटाळून
बोट पुढच्या मुलीकडे गेलं असेल.
म्हणजे ते सगळे नकार नव्हते.
काही जणांना मी पोचलेच नव्हते.

फाइल ठेवताना खाली एक चौकट असते,
सहसा कुणी खूण करत नाही तिथं.
केली तर फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी येत नाही.
आधी अख्खा येतो, धूसर,
डोकं, खांदे, पदर, सगळं जागच्या जागी,
आणि मग फेरीफेरीनं
डोळे, नाकातली चमकी, तीळ.

ती खूण मी सहाशे बाराही जणांना केली.
माझा फोटो एकशे चाळीस केबीत बसला.
स्कूटरचा नंबर आता वाचता येत नाही.
मला ओळखता येतं.

काकांनी चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली आणला.
"धुक्यातून आल्यासारखी वाटतात गं. बिघडलं तर नाही ना?"
थांबा, म्हटलं. मोजा.
एक.
दोन.
"चालशे," काका म्हणाले. "चालशे."

साडेपाचला खाली कांदा कापायला लागले
तेव्हा सोनगडचा पुन्हा फोन.
"आली हो मुलगी. पूर्ण आली.
आता एवढं सांगा,
हिची उंची का नाही लिहिली?"