जरा म्हणजे किती

कीथलीच्या आमच्या कारखान्यात ती आली तेव्हा
तिच्या काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं,
तान्हं मूल धरावं तसं.
माझी ड्रॉइंगं बाजूला सारून तिने ते टेबलावर ठेवलं :
चीज. पाच किलोचं, मळकट सालीचं, तळघराच्या वासाचं.
"याची रोज कूस बदलावी लागते," विनिफ्रेड ऑल्डरसन म्हणाली.
"चारशे आहेत. आणि माझं मनगट गेलं."

मी रकाने आखले. वजन?
"ऑक्टोबरात जास्त."
वेग?
"झोपलेल्या माणसाला वळवतो तेवढा."
पकड?
"जरा घट्ट."
जरा म्हणजे किती?
तिने माझंच मनगट धरून दाखवलं.
मी लिहिलं : अकरा न्यूटन, पुढे प्रश्नचिन्ह.

मी इचलकरंजीचा.
चिमूटभर, बोटभर, तसूभर
यांवर आमची घरं चालायची, मागसुद्धा.
मग चार वर्षं कॉलेजात घालवून
मी ते सगळं विसरायला शिकलो,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक.

ड्रॉइंग ए : दोन जबडे. साल तडकली.
ड्रॉइंग बी : हवा ओढून धरणारे रबरी पेले.
बुरशीवर ते निसटले; चाचणीच्या दिवशी, तिच्या देखत
सात महिने मुरलेलं चीज काँक्रीटवर आपटून फुटलं.
क्लिफर्डसाहेब खिडकीबाहेर काहीतरी पाहू लागले.
ती वाकली, एक ढलपी उचलली,
पिशवीतून फ्रूटकेक काढला, त्यावर ठेवून खाल्ली,
आम्हालाही दिली.
"चव बरी उतरलीय. पुढचं कधी?"

सी आणि डीबद्दल मी बोलत नाही.

नजाकत हुसेन, आमचा फिटर,
तीस वर्षं लेथवर उभा, नावाला जागून.
म्हणाला, "तू चीजकडे बघत बसलायस. बाईचे हात बघ."
म्हणून एका मंगळवारी व्हॅन काढून वर डोंगरात,
दगडी गडग्यांमधून, मेंढ्यांच्या मागे मागे.
तळघरात तिने चाळीस वळवून दाखवली,
मनगटाला पट्टी बांधून. नजाकतने मोबाइल धरला.

रात्री ऑफिसात ते हळू करून पाहिलं.
उचलते, अर्ध्यात आणते, आणि थांबते.
दर वेळी. सव्वा सेकंद.
अंगठा सालीवर दाबते, मग पुढे.
फोन केला. "थांबते? मी? छे."
बराच वेळ काही नाही.
मागे कुठेतरी गाय हंबरली.
"आई थांबायची," ती म्हणाली.

ड्रॉइंग ई ला हिशेबनीस आडवे आले :
चारशे गुणिले सव्वा,
रोजची आठ मिनिटं वीस सेकंद वाया.

एफ मध्ये यंत्र उचलतं, चीज कडेवर उभं करतं,
थांबतं.
अंगठा आम्ही बसवला नाही.
बसवता आला असता. सेन्सर ठरला होता, भावही आला होता.
तिनेच तो खोडला, माझ्या पेन्सिलीने.
"तो आहे माझ्याकडे."

कोपऱ्यातल्या चौकटीत रेखाटन, तपासणी, मंजुरी :
तीन सह्या झाल्या. आईसाठी रकाना नव्हता.
शेऱ्यात मी लिहिलं :
विराम १.२५ से. कमी करू नये.

गेल्या सोमवारी तिचा फोन.
यंत्र झकास आहे. चीजची काही तक्रार नाही.
"फक्त थांबताना ते जरा..."
जरा काय?
"जरा उसासा टाकतं."
झडपेतून सुटणारी हवा ती. नऊ पौंडांचं नळकांडं बसवलं की गप्प.
घालवून टाकू आवाज?
ती विचारात पडली.
"सगळा नको," म्हणाली.

मी कोरा कागद ओढला. वर लिहिलं : जी.
नजाकतला हाक मारली, व्हॅनची किल्ली आण.