प्रश्न क्रमांक अकरा

दिल्लीहून प्रस्ताव पहिल्यांदा परत आला तेव्हा
समासात एकच ओळ होती:
सोलापूरला समुद्र आहे का?

कुडल सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, लिहा.
लिहा की वादळ किनाऱ्यावर संपत नाही,
किनाऱ्यावर त्याचं नाव संपतं.
मग ते बिननावाचं, पाय ओढत,
तेलंगण, गुलबर्गा करत
रात्रीच्या मालगाडीसारखं उशिरा इथं येतं
आणि शेळगीच्या नाल्यात उतरतं.

दुसऱ्या खेपेला पैसे मंजूर झाले.
मागितल्याच्या निम्मे.
छत्र्या, हा खर्च नामंजूर.

एका फॉर्मला साठ रुपये.
पूर्व भागातली तीनशे दारं मी मागून घेतली
कारण मला तेलुगू येतं,
आईच्या बाजूचं, भांडण समजण्यापुरतं.

प्रश्न अकरा. इशारा मिळाल्यावर आपण प्रथम काय केलंत?
अ, सुरक्षित स्थळी गेलो. ब, सामान हलवलं.
क, शेजाऱ्यांना विचारलं. ड, काहीच केलं नाही.

राजमणी अक्का मेरगू, मांडीवर सूप,
कात्री थांबली नाही, दोरा थांबला नाही.
काय लिहालीस?
तुमचं उत्तर.
मग लिही. आधी पानं उचलली.
हजार विड्यांची पानं, भिजवलेली, कारखान्याची,
कमी भरली की मजुरीतून कापतात.
पानं माळ्यावर.
मग नातू माळ्यावर.
मग नातवानं मेसेज वाचून दाखवला.

मी ब वर खूण केली, खोडली,
आणि समासात लिहू लागले.

विठोबा चिट्याल यांच्या मागाची मोटर
जमिनीपासून वीतभर उंच.
सोडवायला दोन माणसं लागतात.
एक मी, दुसरा अक्कलकोटला लग्नाला.
मग काय, पायरीवर बसून
रात्रभर पाणी बघितलं.
हे काहीच न करणं असतं का हो, बाई?

जुन्या मिलमधले एक साचेवाले
‘इशारा’ शब्द ऐकूनच हसले.
आमच्या वेळी भोंगा होता.
भोंगा वाजला की झोपेतला माणूस चालू लागायचा.
का, माहितीय?
भोंगा चुकला तर मालकाचं नुकसान.
तुमचा मोबाईल चुकला तर कुणाचं?
प्रश्नावलीत ही ओळ नव्हती.
मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली.

ऑक्टोबरात, एकशे ऐंशीव्या दाराशी,
माझाच फोन कर्कश वाजला.
नारिंगी. अतिवृष्टी. तीन तासांत.
अक्कांच्या गल्लीत होते.
पिशवीत बेचाळीस भरलेले फॉर्म,
साठ गुणिले बेचाळीस हा हिशोब
मेसेज पूर्ण वाचण्याआधी झालेला.
अक्कांनी वर बघितलं, मग पिशवीकडे.
पानं जरा सरकवली.
ठेव इथं, म्हणाल्या. कोरडं आहे.

दुसरा हप्ता मार्चमध्ये यायचा होता.
त्याआधी त्यांना उपयोगिता प्रमाणपत्र हवं होतं,
आणि समासातली सगळी उत्तरं
‘इतर’ या एका आकड्याखाली.
दोनशे सतरा इतर.
सरांनी आकडा दोनदा तपासला,
मग खिडकी लावून घेतली, वारा नसताना.

गठ्ठे गेले रजिस्टर पोस्टानं.
त्यातल्या बेचाळीस फॉर्मना
तंबाखूचा वास होता.
पोच अजून आलेली नाही.