पावणेतीन किलोमीटर

वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलीत.
वारा पाठीशी असला तर एकच, म्हणाला पायलट,
आणि माझं वजन विचारलं
भाजीवाल्याच्या सुरात,
मग मला आणि माझ्या भिंगांच्या पेटीला
दोन बाजूंना बसवलं.

वेस्ट्रे सुटलं.
कानाला दडा बसायलाही उसंत नव्हती.
खाली खडकावर एक सील आडवा पडलेला,
त्याने मान वर केली,
परत टेकवली तेव्हा आम्ही पापा वेस्ट्रेला उतरलो होतो.

बंबापाशी डेव्ही रेंडल,
अंगात आग विझवायचा कोट, बुटांना शेण.
विमान उडालं की तो परत गाईंकडे.

दाभोळहून धोपाव्याला जाताना
खाडी ओलांडेपर्यंत
शेजारच्या बाईचं माहेर कळतं,
तिच्या टोपलीतल्या सुकटीचा भाव,
धाकट्या सुनेचं काय बिनसलंय तेही.
इथे मी पट्ट्याचं बक्कल शोधत होते,
सापडलं तोवर सोडायची वेळ झाली.

इंगा ड्रेव्हर, वय सत्त्याऐंशी.
शाळेच्या खोलीत, सहा मीटरवर तक्ता.
वरचं मोठं अक्षर तिला दिसलं,
त्याच्या खालचं अंदाजाने,
त्याच्या खालची ओळ तिने सरळ रचून सांगितली.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय.
मग तिने खिडकीकडे बोट केलं.
"ते पांढरं घर. हिरवं दार. मार्गरेटचं.
धुणं वाळत घातलंय बघ."

मी पाहिलं. पाणी,
आणि पलीकडे करड्यावर करडं.
माझी नजर शाबूत आहे. मला घर दिसलं नाही.

"आज सोमवार ना," ती म्हणाली.

धाकटी बहीण. वडिलांची होडी
न विचारता विकली कुणीतरी कुणालातरी,
त्याला अकरा वर्षं झाली.
हाकेच्या अंतरावर, म्हणतो आपण;
हाक कुणी मारायची ते म्हणत नाही.

मी भिंगं बदलत राहिले.
हे बरं, की हे?
आता? हे, की आधीचं?
"विमान जरा लांबून नेत असते ना," ती मधेच म्हणाली,
"तर पहिलं वाक्य जुळवता आलं असतं.
बसलं, की उतरा.
आधीचं बरं होतं."

निघताना रुबार्बच्या मुरंब्याची बरणी दिली,
झाकणाला जुन्या पडद्याचं फडकं.
नाव सांगू नकोस. वासावरून कळेल तिला.

वजन तेच ना सकाळचं? पायलटने विचारलं.
नाही, म्हटलं, एक बरणी जास्त.
त्याने ती खरंच लिहून घेतली.

वारा तोंडावर होता, तीन मिनिटं लागली.
बरणी मांडीत धरून
मी काचेला नाक लावलं.
कुंपणाचे दगड, मेंढ्या, एक पांढरं घर आलं,
दोरीवर काहीतरी फडफडत होतं,
आणि दाराचा रंग कळायच्या आत
चाकं टेकली.